ओल्या टॉवेलचा नियम

नाही नाही, मॅडम, ती कोपऱ्यातली खुर्ची नको! ती धरलेली आहे. टॉवेल आहे ना वर — हो, टॉवेल तुम्हाला दिसतोय, कळलं मला, आणि माणूस दिसत नाहीये, तेही कळलं. माणूस पोहायच्या तलावात आहे. आता पाण्यात बघू नका... बघितलंत. बरं, पाण्यात ते गुबगुबीत बाळ आणि त्याचा बाबा सोडून कोणी नाही, मान्य. मग चहाला गेले असतील. येतील. जुने पाहुणे आहेत आमचे, फार जुने, त्यांना इथे कोणी काही बोलत नाही. बाकीच्या सगळ्या भरल्यात, तुम्ही माझ्या स्टुलावर बसा. बसा हो, मला उभं राहायची सवय आहे, आणि तुम्ही अशा गुडघा धरून उभ्या राहिलात तर साहेब माझ्यावरच ओरडतील. एखादी खुर्ची सुटली की पहिली तुमची, माझा शब्द. पानं काढताना माझे हात पाण्यावर असतात, पण डोळे खुर्च्यांवरच असतात.

कालच आलात ना? वाटलंच मला. नवीन माणसं अशीच येतात — नाश्ता करून, हात पुसत, रमतगमत, आणि रिकाम्या हातानं! अहो, इथे लढाई चालते सकाळी. मी फाटकाची कडी काढायला येतो तेव्हा पलीकडे रांग लागलेली असते, प्रत्येकाच्या काखेत टॉवेल, कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे जणू सहज फिरायला आलेत. कडी वाजली की सुटले! ते पांढऱ्या मिशांचे दिसतात का, त्या मोठ्या छत्रीखाली? आम्ही त्यांना सुभेदार म्हणतो, दर सुट्टीला येतात. मागच्या सुट्टीत एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, पायजम्याची नाडी तोंडात धरून पळत होते — तोंडात, कारण दोन्ही हातांत टॉवेल! स्वतःचा, बायकोचा, मुलीचा, आणि एक असाच, पाय ठेवायला. टॉवेल टाकले, आणि परत जाऊन झोपले. झोपले! इतकं पळून! खुर्च्या उन्हात तापतायत, टॉवेल खुर्च्यांवर पडून मजा करतायत आणि माणसं वर खोलीत घोरतायत. म्हणजे सुट्टीवर नक्की आलंय कोण, टॉवेल की माणूस? हे माझं वाक्य नाही, दादाचं आहे. माझा मोठा भाऊ. हे काम आधी त्याचं होतं, हा शर्टही त्याचाच. बघा ना खांदे कुठे लोंबतायत.

तर दादानं एक नियम काढला. साहेबांनी नाही, दादानं. ओला टॉवेल खरा, कोरडा टॉवेल खोटा. ओला असेल तर माणूस पोहून आलाय, आसपास आहे, पुन्हा येणार — त्याला हात लावायचा नाही, राजा आला तरी. कोरडा असेल तर घडी करायची, खुर्चीखाली ठेवायची, आणि जो उभा असेल त्याला म्हणायचं, बसा. कटकट नाही, भांडण नाही, हात लावून बघायचा की झालं. साहेबांनाही पटलं. पहिल्या दिवशी काय मजा! दादा सगळ्या खुर्च्यांवरून हात फिरवत चाललाय, डॉक्टर तपासतात ना ताप आहे का, तसा — हा कोरडा, हा कोरडा, हा कोरडा — आणि सुभेदार खाली आले तर त्यांच्या चारी खुर्च्यांवर चार वेगळी माणसं पसरलेली. सुभेदारांच्या मिशा अशा वर गेल्या, अशा!

पण माणूस ऐकतो का? दुसऱ्या दिवसापासून लोक टॉवेल न्हाणीघरात भिजवून आणायला लागले. हो! वरून खालपर्यंत जिन्यावर पाणीच पाणी. फरशी पुसणारी आमची आक्का धपकन बसली आणि तिथूनच ओरडली, हे हॉटेल आहे की धुण्याचा दगड? एक काका तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून नेम धरून टॉवेल फेकायला लागले, खाली यायचे कष्ट नकोत म्हणून. एकदा नेम चुकला, टॉवेल थेट पाण्यात. सगळे हसले, काका वरून हात जोडतायत. दादानं काय करावं? जाळीनं टॉवेल उचलला, पाणी निथळत तसाच नेला, त्यांच्या खुर्चीवर पसरला आणि वर बघून सलाम ठोकला — काका, आज तुमच्याइतकी पक्की खुर्ची कोणाची नाही! आणि दात? दातांचं कोणी सांगितलं का तुम्हाला? एक आजी यायच्या, त्यांना टॉवेल भिजवायचा कंटाळा. त्यांनी आजोबांची कवळी पेल्यातल्या पाण्यात घालून तो पेला खुर्चीवर आणून ठेवला. दादानं बोट बुडवून बघितलं. म्हणाला, ओलं आहे, नियमात बसतं! आणि आजोबा तिकडे नाश्त्याला, पुढ्यात भाजलेला पाव, पाव बघतायत, आजीकडे बघतायत...

हसलात! मला वाटलं तुम्ही हसतच नाही. काल संध्याकाळी पण तुम्ही तिकडे एकट्याच बसला होतात, तुमच्याबरोबरचे काका फोनवर आणि तुम्ही अशा. काय? हो, तो टॉवेल? लावा ना हात, लावा. ओला आहे का? ओला आहे! गार लागला ना? मग? आता पटलं? माणूस आसपास आहे. नियम म्हणजे नियम, काकू. काकू म्हटलं तर चालेल ना? मॅडम म्हणून माझी जीभ दुखते.

निळा नाही, हो. हॉटेलचे निळे असतात, बरोबर. घरून आणला असेल त्यांनी. काही लोकांना दुसऱ्याचा टॉवेल चालत नाही, काय करणार. दोरा? कसला दोरा... तो कोपऱ्यातला लाल? तुमची नजर पण काय आहे, काकू, बाकी कोणी बघितला नव्हता. तो खुणेसाठी आहे. धुवायला गेल्यावर दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. दवाखान्यात सगळ्यांचेच टॉवेल पांढरे, मग आईनं लाल दोऱ्याचे टाके घातले, आईला डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून ते असे वाकडे—

अरे! बाळाच्या बाबा! तिकडे खोल आहे, तिकडे नका नेऊ त्याला, या बाजूला या! हां. शाबास.

माझ्या आईनं, काकू. बघा, मला गप्प बसता येत नाही. शाळेत पण मास्तर म्हणायचे, याला बाहेर उभा करा, हा भिंतीशी पण बोलेल — मग मी बाहेरच राहिलो, कायमचा. दादा शिकला. दादाला सगळं यायचं, पाण्यात औषध किती टाकायचं, साहेबांशी कसं बोलायचं. फक्त एक गोष्ट त्यानं कधी केली नाही. या खुर्चीवर बसला नाही. आम्हाला मनाई आहे. सगळ्यांना जागा करून द्यायची, पुसायची, छत्री फिरवायची आणि स्वतः स्टुलावर. दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणायचा, ही खाट पण काय खाट आहे, आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीची पाठ बघ कशी मागे जाते. म्हणायचा, बरा झालो की पगार घेऊन सरळ पाहुणा म्हणून येणार, काळा चष्मा लावून. तू मला चहा आणून द्यायचा आणि सर म्हणायचं. मी म्हटलं, सर नाही म्हणणार. म्हणाला, मग तक्रार करीन तुझी! कोपऱ्यातली धरून ठेव. आणि नीट धर, कोरडा टॉवेल टाकशील गाढवासारखा!

मग मी नीट धरतो. फाटक उघडायच्या आधी. ते बाहेर रांगेत उभे असतात आणि मी आत, बादलीत बुडवतो, पिळतो, पसरतो. मला पळावं पण लागत नाही. सुभेदारांना अजून कळलं नाही की या खुर्चीवर त्यांच्या आधी पोचतं कोण! त्यांनी साहेबांना विचारलं सुद्धा, कोपऱ्यातला पाहुणा कोण? साहेब म्हणाले, बघून सांगतो. आणि मला म्हणाले, कोण असेल तो असू दे, पण मला तिथे एकदा माणूस दाखव.

दिसत नाहीये ना? तुम्हालाही नाही दिसला. हा गमतीचा भाग आहे, काकू, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, मी हसवतोय तुम्हाला. थांबा, याहून भारी सांगतो. दादाला फोटो काढायला खाली नेला. छातीचा. ढकलगाडीवर निजून हात हलवत गेला, साहेब दौऱ्यावर निघाल्यासारखा. त्या वॉर्डात खाटांची मारामार, इथल्यासारखीच, माणसं भिंतीला टेकून वाट बघतायत. मी काय केलं? टॉवेल टाकला खाटेवर! हा, हाच. आणि पायाशी उभा राहिलो. पहारा! आता सिस्टर आल्या, खाली बघत आल्या, आणि म्हणाल्या, खाट मोकळी करायची आहे. मी म्हटलं, धरलेली आहे. त्या म्हणाल्या, बाळा, तुझा भाऊ... आणि पुढचं बोलल्या. मी म्हटलं, सिस्टर, हात लावून बघा. टॉवेल ओला आहे. ओला होता, काकू, खरंच, त्याला रात्रभर घाम आला होता, तो टॉवेल चिंब होता. मी सांगतोय त्यांना, ओला म्हणजे माणूस आहे, आसपास आहे, येणार आहे, असा नियम आहे, तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे राजा आला तरी... हसा ना! सिस्टरला नियम समजावत होतो मी, त्या बिचाऱ्या रडायला लागल्या आणि मी त्यांच्यावरच ओरडतोय, तुम्ही हात लावून बघा, हात का लावत नाही! मग त्या टॉवेल उचलतील म्हणून मीच चढलो खाटेवर, बुटांसकट, आणि आडवा झालो. वॉर्डबॉय मामांनी पाय धरून ओढलं मला. एक म्हातारे होते, भिंतीशी उभे, त्यांना ती खाट मिळणार होती. ते म्हणाले, राहू दे त्याला, मी उभा राहतो थोडा वेळ. हातात सलाईनची बाटली घेऊन. मी राहू दिलं त्यांना उभं! आणि मग टॉवेल घेऊन आलो, आईला म्हटलं धुऊ नको, आई म्हणाली बरं, आणि धुतलाच. आईसुद्धा ना.

दादाला जाऊन अजून महिना पण झाला नाही आणि मी तुम्हाला कवळीच्या गोष्टी सांगतोय. पण कवळीची आहेच भारी, नाही का?

काय म्हणालात? कुठे? टॉवेलकडे काय बघताय... हो, फिका पडलाय. ऊन आलं ना त्यावर. रोज या वेळेला मी एक फेरी मारतो, बादली असते, कोणाचं लक्ष नसतं, पटकन बुडवून परत. आज तुमच्याशी बोलत बसलो. तुम्ही जरा तिकडे बघता का? बाळ किती छान पाय मारतंय बघा. बघा की तिकडे. नाही? स्टुलावर बसून तुमचा गुडघा बघा कसा सुजलाय, आणि मी... मघापासून मी तुमचा गुडघा बघतोय, काकू, आणि बोलतोय.

नका, तुम्ही हात नका लावू. मी लावतो. ते माझं काम आहे.

मधे कोरडा आहे. उशाशी कोरडा आहे. इथे, दोऱ्यापाशी ओला आहे, बघा, इथे अजून ओला... नाही. हात माझाच ओला आहे.

उठा, काकू. माझ्या खांद्याला धरा, शर्ट ढगळ आहे पण आत माणूस आहे. थांबा, घडी करू दे. खाली नाही ठेवत, असू दे माझ्या खांद्यावर. बसा. आता पाय वर घ्या, हळू, आणि पाठ मागे टाका. अजून मागे. जाते ना? त्यानं सांगितलं होतं तशीच जाते ना? नाही, उत्तर नका देऊ, बोलू नका काही. चहा आणून देतो. डोळे मिटा.

ओ सुभेदार! काय वाकून बघताय? टॉवेल नसू दे! माणूस आहे तिथे. जा, आपल्या छत्रीखाली जा!