चिकातला दाणा

...आणि वर मलाच म्हणतात, "गवतच तर होतं मास्टर, एवढं काय मनाला लावून घेता?" गवतच तर होतं! ऐकलंत ना? तुम्हाला सांगतो, गवत सगळ्यांना दिसतं हो, पण कळतं कुणाला?

हे म्हणाले आमचे शेजारचे टोपीवाले काका. पण थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस गवतावरून भांडतोय. भांडतोयच, पण त्याला कारण आहे. मी टेलर. अडतीस वर्षं लोकांच्या पँटी शिवतोय, म्हणून सगळे मास्टर म्हणतात. आणि गच्चीवर जाळीची खोली करून मी पाखरं पाळलीत. फिंच. तेव्हा चौदा नग... नग नाही, नग काय म्हणतो मी, चौदा जीव! चिमणीच्या निम्म्यानं असतील, चोच लालचुटूक आणि आवाज असा, की कुणीतरी रबराचं खेळणं दाबतंय. आता लोक पाखरांना काय घालतात? डब्यातलं कोरडं धान्य. वाटी भरली, हात झटकले, संपलं. माझ्याकडे नुसतं तसलं चालत नाही, ते आपलं मोठ्या पाखरांपुरतं. माझी पाखरं ताजं खातात, हिरवं खातात, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो.

रोज उजाडलं की मी पिशवी घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटवर. रस्त्याकडेचं गवत घ्यायचं नाही, धूर बसलेला असतो. कडेचंही नाही, तिथे कुत्री येऊन जातात. आत जायचं, वाकायचं, आधी मुंग्या आहेत का बघायचं. किडामुंगी नसेल तर समजायचं, कुणीतरी औषध मारलंय, पुढे चला. मग कणसाचा एक दाणा नखानं दाबायचा. नुसतं पाणी आलं तर कोवळा, काहीच आलं नाही तर जून, आणि पांढरा थेंब आला की दाणा चिकात आला. तोच हवा! अहो, कापडाचा पोत डोळे मिटून सांगणारी ही बोटं, त्यांना दाणा नाही कळणार?

हे शहाणपण मला फुकट नाही आलं. पहिल्या खेपेला चार पिल्लं झाली, चारही गेली. दुसऱ्या खेपेला तीन. तीही गेली. सकाळी घरट्याच्या मडक्यात हात घातला आणि... जाऊ दे, ते नाही सांगवत. मग पाखरंवाला म्हणाला, "मास्टर, आईबापांचा दोष नाही, तुमच्या डब्याचा आहे. एवढ्याशा पोटाला कोरडा दाणा कसा पेलणार?" त्या दिवसापासून मी गवताला लागलो तो लागलोच.

आणि गवत कापायचं कशानं? माझ्या कात्रीनं! आता टेलरची कात्री म्हणजे काय, ते टेलरला विचारा. कापड सोडून तिला काही लावायचं नाही, कागदसुद्धा नाही, धार जाते. म्हणून आमची ही चिडते. म्हणते, "तीस वर्षं मला त्या कात्रीनं साधा दोरा तोडू दिला नाहीत, आणि आता गवत कापता?" तिचं एकच गाऱ्हाणं असतं तर ठीक होतं. बादलीत गवत तीनदा धुतो, त्यावर बोलते. कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून जुड्या वाळत टाकतो, त्यावर बोलते. पालक आणला की पानं वर जातात आणि देठं स्वयंपाकघरात, त्यावर तर अशी बोलते, "पाखरांना पानं आणि आम्हाला देठं. लग्नाच्या आधी सांगायचं होतंत, मी चोच लावून आले असते." मी मनात म्हणतो, बोल बाई. गवत सगळ्यांना दिसतं, कळतं कुणाला?

तर या वेळी तिसरी खेप. पाच पिल्लं. सहावा दिवस! डोळे नुकते किलकिले होताहेत, आई दिवसभर जुडी ते मडकं, मडकं ते जुडी, दमून जात नाही. मी सकाळी पिशवी घेऊन प्लॉटवर जातो आणि बघतो तर... प्लॉट बोडका. मशीन फिरवून सपाट केलेला, कापलेलं सगळं गाडीत भरून नेलेलं, एक काडी उभी नाही. आणि मधोमध टोपीवाले काका, कमरेवर हात ठेवून. "कसा स्वच्छ झाला बघा मास्टर. अर्ज मीच केला होता. तीन वेळा." आणि मग ते वाक्य, गवतच तर होतं.

भांडायला वेळ कुठे होता? शाळेचं मैदान बघितलं, तिथेही कापलेलं. कालव्याच्या कडेला गेलो, गवत हे एवढं उंच, पण मुंगी औषधाला नाही, वास उग्र. सोडलं. मैल-दीड मैल फिरलो, दुपार डोक्यावर आली, रिकामी पिशवी घेऊन परतलो. वर गेलो तर आई त्याच तारेवर येऊन बसलेली, जिथे रोज जुडी असते. मी पालकाचं पान लावलं. तिनं टोचलं, माझ्याकडे बघितलं आणि परत मडक्यात गेली. खरं सांगतो, जिन्यातच बसलो. लाज कसली, डोळ्यांत पाणी आलं.

ही खालून धुणं घेऊन आली. म्हटलं, आता ऐकवणार. तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "टाकीमागे बघितलंत का?"

टाकीमागे कशाला बघू? तिथे तिच्या फुटक्या कुंड्या. गेलो... आणि तुम्हाला सांगतो, सात कुंड्या! सातही हिरव्यागार, पिंजऱ्यात सांडलेल्या धान्याचं गवत, एक वीतभर, एक गुडघ्याएवढं, आणि दोन कुंड्यांत कणसं लोंबताहेत. दाणा दाबला. पांढरा थेंब.

म्हणाली, "रोज पिंजरा मीच झाडते ना? सांडलेलं दर आठवड्याला एका कुंडीत टाकत गेले. एक दिवस तुम्ही रिकाम्या हातानं येणार, हे दिसत होतं मला. दोनदा तुमचं तोंड बघितलंय. तिसऱ्यांदा नाही बघायचं मला."

तीस वर्षांत मला माझ्या बायकोचं माप घेता आलं नाही, आणि म्हणे टेलर!

पाचही जगली! पाचात पाच! आता एकोणीस आहेत. पाखरंवाला मुद्दाम बघायला आला, मी छाती फुगवून उभा, तर तो मला ओलांडून हिला विचारतो, "वहिनी, कुंडीत माती कसली घेतलीत?" परवा टोपीवाले काका भिंतीवरून डोकावले, "कुंड्यांत गवत माजलंय हो, माणूस पाठवू का काढायला?" तर ही शांतपणे म्हणते, "काका, गवत सगळ्यांना दिसतं, कळतं कुणाला?" माझं वाक्य! विचारलंसुद्धा नाही मला.

आता मी रोज सकाळी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभा असतो. ती दाणा दाबते, म्हणते, "अजून चिकात नाही आला. उद्या या." कात्री तिच्याकडेच असते. काल एका पँटचा दोरा तोडायला मागितली, तर म्हणाली, दोऱ्याला लावायची नाही, धार जाते. आणि जेवायला बसलो तर ताटात पालकाची देठं. पानं कधीच वर गेली होती. तक्रार कुणाकडे करू? माप मीच काढून दिलं होतं... आता मलाच अगदी बरोबर बसतंय.