विरणारी पट्टी

इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या गोदाचे कान शेजारच्या दोघांकडे लागले होते. आत तिच्या नवऱ्याची मांडी मोडलेली. हाडाला पोलादी पट्टी बसवायची का, ते विचार करून सांगा, असं डॉक्टर म्हणून गेले होते. आणि इथं हारुन खलाशी आपल्या नडगीतल्या पट्टीचीच कथा सांगत होता, आंब्याची कलमं बांधणाऱ्या भागोजीला.

“आज काढणार. हाड जुळलं, आता ती नुसती टोचते.”

“म्हंजे पुन्हा चिरणार?”

“चिरल्याशिवाय कशी निघणार? परदेशात ही बसवली, तिथला डॉक्टर म्हणाला, मॅग्नेशियम म्हणून एक धातू आहे. हाडाला लावला की हळूहळू अंगातच विरून जातो.”

“मग तोच का नाय लावला?”

“मीपण हेच विचारलं. म्हणाला, त्याला फार घाई. हाड जुळायच्या आधीच विरतो, नि मांसात हवा धरते. अजून नीट जमलेलं नाय कुणाला.”

“आमच्या केळीच्या सोपटाला जमतं.”

“ते कसं?”

“कलम त्या वाळक्या सालीनंच बांधायचं. सांधा जुळेपर्यंत धरून ठेवतं, मग आपसूक कुजून गळतं. मेव्हण्यानं मुंबईहून तांब्याची तार आणली. म्हणाला, पक्कं बांधू.”

“मग?”

“कलम जोरात वाढलं. तार सोडायचं कुणाच्या ध्यानात नाय. खोडात रुतली, नि पहिल्या मोहराला वाऱ्यानं तिथंच मोडलं.”

दार उघडून डॉक्टर बाहेर आले.

“गोदाबाई, काय ठरलं? बसवू ना पट्टी?”

“बसवा,” गोदा उठत म्हणाली. “पण काढायला कधी आणू, ते आत्ताच सांगा.”