रविवारी उभ्या राहिलेल्या पाट्या

आर्लिन : नाही म्हणजे? ताई, संध्याकाळी सातला सभा आहे, आता अडीच वाजलेत, आणि तू मला आत्ता नाही म्हणतेस?

विल्मा : आधी बूट काढ दारात. सगळा बर्फ माझ्या फरशीवर सांडतोयस. आणि हो, नाही म्हणजे नाही. गव्हर्नर हॅस्केटसाठी मी आज तोंड उघडणार नाही. दुसरं कुणीतरी बघ.

आर्लिन : दुसरं कुणाला बघू? शाळेच्या व्यायामशाळेत आपल्या भागातली दीडशे माणसं बसणार. एकेका उमेदवाराच्या बाजूनं एकेक जण उठणार, दोन मिनिटं बोलणार, की लगेच कोऱ्या चिठ्ठ्या वाटणार. तू बोललीस तर तुझ्या प्रार्थना मंडळातल्या चाळीस बायका हॅस्केटचं नाव लिहितील. त्यांचे नवरे धरूनच चाल. मी बोललो तर फार फार तर माझी बायको लिहील.

नेल्विन : तिचं अजून ठरलेलं नाही. काल मला म्हणाली.

आर्लिन : दाजी, तुम्ही पेपर वाचा.

नेल्विन : वाचतोच आहे.

आर्लिन : ताई, अख्ख्या आयोवा राज्यात आजचा दिवस महत्त्वाचा. सगळ्या देशाआधी आपण कौल देतो. इथं हॅस्केट पहिला आला, की राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी त्याच्या खिशात. आणि तो येणार! मी घरोघरी फिरलोय. माणसं दारातच सांगतात, याच्यावर आमचा विश्वास आहे.

विल्मा : मला काय सांगतोस? जूनपासून घसा कुणाचा कोरडा झालाय? पोटातल्या लेकराला वाचवायचा कायदा पुढ्यात आला, तेव्हा त्याच्याच पक्षातली अर्धी मंडळी म्हणाली, निवडणूक तोंडावर आहे, थोडं थांबा. तो थांबला नाही. सही केली आणि वर परत निवडून आला. कर कमी केले, खर्चाला लगाम घातला. त्याच्याविरुद्ध उभा असलेला तो सिनेटर नुसता बोलतो, यानं आठ वर्षं राज्य चालवून दाखवलंय. त्या बाबतीत माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

आर्लिन : मग घोडं अडलं कुठं?

विल्मा : पाट्यांपाशी.

आर्लिन : कसल्या पाट्या?

विल्मा : तुझे कान का लाल झाले?

आर्लिन : बाहेर शून्याखाली वीस आहे.

विल्मा : हं. शनिवारी रात्री वारा सुटला आणि चौकापासून चर्चपर्यंतच्या हॅस्केटच्या प्रचाराच्या साऱ्या पाट्या आडव्या झाल्या. झोपायच्या आधी मी खिडकीतून बघितलं. रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही उपासनेला निघालो, तर बावीसच्या बावीस ताठ उभ्या! रविवारी, आर्लिन! रविवार देवाचा, म्हणून या गावात त्या दिवशी कुणी पेट्रोलसुद्धा भरत नाही. त्या नव्या दंतवैद्यानं एकदा रविवारी गवत कापलं, तर वर्षभर कुणी त्याच्यापुढे जबडा उघडला नाही.

नेल्विन : माझी दाढ त्याच पायी गेली.

विल्मा : उपासना संपून सगळे कॉफीला जमले. तो सिनेटरवाला मर्ल बाउमा माझ्या मंडळातल्या बायकांसमोर उभा राहिला आणि गोड हसून म्हणाला, हॅस्केटसाहेबांना आपली मतं हवीत, आपला रविवार नको. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. गेले सात महिने मी याच बायकांना सांगतेय, हा माणूस आपल्यातला आहे म्हणून.

आर्लिन : अगं, ती राजधानीतून आलेली प्रचाराची पोरं! त्यांना काय कळतंय आपलं?

विल्मा : त्यांनीच केलं?

आर्लिन : दुसरं कोण करणार? मी आत्ता त्यांच्या ऑफिसला फोन लावतो. त्यातला एक पोरगा सभेत येऊन माफी मागेल. विषय संपला.

विल्मा : संपला कसा? ज्याच्या माणसांना आपला रविवार ठाऊक नाही, त्याला आपण तरी कुठं ठाऊक आहोत? तरी ठीक आहे. मला त्या पोराचं नाव दे. मी सभेत नाव घेऊन सांगते की याला घरी पाठवलंय, हॅस्केटनं असला माणूस ठेवला नाही. तेवढं झालं तर मी बोलेन.

आर्लिन : नाव कशाला लागतंय?

विल्मा : नाव घेतल्याशिवाय या बायका ऐकायच्या नाहीत. बोल.

आर्लिन : त्यातला एक आहे, केल्टन की काय... बावीस-तेवीसचा असेल. पोरगा चांगला आहे तसा.

नेल्विन : माझं ड्रिल परत कधी देणार आहेस, आर्लिन?

आर्लिन : दाजी, त्याचं आत्ता काय?

नेल्विन : नाही, जमीन दगडासारखी गोठलीय. ड्रिलनं भोक पाडल्याशिवाय पाटी रुतत नाही. त्या पोरांकडे तर खिळे ठोकायच्या हातोड्या आहेत. आणि माझं ड्रिल शुक्रवारपासून तुझ्या गाडीत आहे.

(विल्मा ओव्हन बंद करते आणि खुर्ची ओढून भावासमोर बसते.)

विल्मा : आर्लिन.

आर्लिन : पहाटे सहा वाजता चर्चचं हीटर लावायला निघालो होतो. तेवढं काम रविवारी चालतं, तुलाही माहीत आहे. वाटेत बघतो तर बावीसच्या बावीस पाट्या बर्फात तोंडावर पडलेल्या. सगळं गाव तिथूनच जाणार होतं. आणि मर्लच्या पाट्या मात्र उभ्या! माझा जीव जळला, ताई. म्हटलं, एकच उभी करतो. मग दुसरी केली. अर्ध्या तासात सगळ्या झाल्या.

विल्मा : आणि मग येऊन पुढच्या बाकावर बसलास. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळीत.

आर्लिन : बसलो.

विल्मा : पहिलं स्तोत्र तूच सगळ्यांत मोठ्यानं गायलास! मी नेल्विनला म्हटलंसुद्धा, आज आर्लिनचा आवाज काय लागलाय.

आर्लिन : कुणाला संशय येऊ नये म्हणून मोठ्यानं गायलो.

विल्मा : आणि आत्ता त्या परक्या पोराचं नाव माझ्या तोंडात द्यायला निघाला होतास. पाट्यांचं एक वेळ देव बघेल. पण याची मला लाज वाटली.

आर्लिन : मलाही वाटली. दाजी बोलले नसते तर... नाही, मी तसाच पुढे गेलो असतो. खरं तेच सांगतो.

विल्मा : मग आज सभेत तेच सांग. आधी तू उठायचं. पाट्या मी उभ्या केल्या म्हणायचं, हॅस्केटनं नाही आणि त्याच्या पोरांनी नाही. मग मी बोलेन.

आर्लिन : ताई, पुढच्या महिन्यात चर्चच्या वडीलमंडळीची निवड आहे. अठरा वर्षं मी त्या बाकावर बसतोय. आपले बाबा तिथंच बसायचे. हे बोललो तर माझं नावसुद्धा कुणी सुचवणार नाही.

विल्मा : नाही सुचवणार.

आर्लिन : तू तरी सुचवशील?

विल्मा : या वर्षी नाही.

आर्लिन : आणि एवढं करूनही बायकांनी सिनेटरलाच मत दिलं तर?

विल्मा : बायकांचं माझ्यावर सोड. आपल्यातला एकजण चुकला आणि चारचौघांत उठून कबूल झाला, हे त्यांना कळतं. ते बघितल्यावर मर्लनं कितीही गोड हसू दे. हॅस्केटवरचा डाग पुसला, की पुढचं दीड मिनिट माझं. त्या दीड मिनिटात मी काय करते ते बघच.

आर्लिन : म्हणजे मला अर्धंच मिनिट?

विल्मा : तुझं काम वीस सेकंदांचं आहे. उगाच पाल्हाळ लावू नकोस.

आर्लिन : करतो. एवढे दिवस दारोदार सांगत फिरलो, की हॅस्केट अवघड वेळी मागे हटला नाही. मी हटलो तर मग त्याच्या नावाची चिठ्ठी कुठल्या तोंडानं टाकू? आज आपण जिंकतो, ताई. लिहून ठेव.

विल्मा : जिंकतोच. बूट घाल, ड्रिल आण, आणि साडेसहाला आम्हाला न्यायला ये.

आर्लिन : पण येत्या रविवारी... पुढच्या बाकावर मला बसवणार नाहीत. मग बसू कुठं?

विल्मा : आमच्या बाकावर. नेल्विन सरकेल.

नेल्विन : सरकेन. भिंतीकडची जागा मात्र माझी.