पाडव्याआधीची सभा

लग्नाला गेलेत म्हणालो ना मघाशी — ते खोटं होतं. बसा, सरपंच, एसटीला अजून अर्धा तास आहे, तिसगावहून सुटली की आधी धूळ दिसते, मग गाडी — बसा. वरच्या वस्तीतल्या बत्तीस घरांना कुलपं बघून तुम्ही विचारलंत, आणि माझ्या तोंडातून लग्न निघालं. पौष चालू आहे. पौषात कुणाचं लग्न असतं? तुमच्या कोकणात तरी असतं का? नाहीच. तुम्ही हसला नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. ऊसतोडीला गेलेत ती सगळी. दसरा झाला की टोळ्या जातात, पाडव्याला परत येतात — पूर्वी जायच्या, अजून जातात. आणि मी सकाळी वेशीवरच्या त्या फलकासमोर उभं राहून तुम्हाला काय सांगितलं? की पाणी अडवल्यापासून गावातलं कुणी तोडीला जात नाही. मी सगळ्यांनाच सांगतो ते. चार वर्षं सांगतोय. पाहुणे उन्हाळ्यात येतात, तेव्हा वस्ती भरलेली असते, चुली पेटलेल्या असतात, खपून जातं. जानेवारीत आलेले तुम्हीच पहिले.

नाही, पाणी खरं आहे. ते चर, ते नालाबांध, तुम्ही डोळ्यांनी बघितलेत. दुपारी मोसंबी खाल्लीत ती माझ्या बागेतली, आणि सात वर्षांपूर्वी माझ्याच विहिरीत आम्ही सरकारी टँकर रिकामा करायचो. त्यात खोटं काही नाही. तुम्ही तुमच्या खारबंदिस्तीचं सांगत होता — उधाणाचं पाणी दरवर्षी वर चढतंय, बांध फुटला, भाताच्या खाचरात मीठ बसलं — तेव्हा मला वाटलं, यांचं पाणी जास्त झालं, आमचं कमी पडलं, पण दोघंही फिरतोय पैसा देणाऱ्या त्याच संस्थेच्या दारात. म्हणूनच तुम्हाला त्यांनी इकडं पाठवलं. जा, म्हणाले, पाणी समितीच्या गुरुजींना विचारा, गाव कसं तयार केलं. तर सांगतो कसं केलं.

पैसा देणाऱ्यांच्या अटी होत्या. घरटी एक माणूस श्रमदानाला. कुऱ्हाड बंद. डोंगरावर चराई बंद — रोपं जगवायची तर शेरडं नकोत, हे मला पटत होतं, अजून पटतं. आणि या सगळ्याला ग्रामसभेचा ठराव, तोही एकमतानं. एक हात विरोधात गेला की पैसा दुसऱ्या गावाला. आता डोंगरावर शेरडं कुणाची? वरच्या वस्तीची. आमची गुरं खाली रानात, आमच्याच बांधावर चरतात — डोंगर बंद झाला काय, न झाला काय. म्हणजे बंदी त्यांच्यावर, आणि पाणी — पाणी उताराला येतं, सरपंच. ती माणसं वर राहतात.

सभेची तारीख मी ठरवली. तेव्हा शाळेत नोकरीला होतो, गावातलं लिहिण्याचं काम माझ्याकडंच असायचं. एक्क्याण्णव सालचा मार्गशीर्ष. टोळ्या जाऊन दोन महिने झालेले. संस्थेच्या साहेबांना ठराव लवकर हवा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. लवकर हवा होता, पण इतका लवकर नको होता — मे महिन्यापर्यंत चालेल म्हणाले होते ते. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आमची ही, सुमन, भाकरी थापता थापता म्हणाली होती, पाडव्यापर्यंत थांबलात तर काय जातंय तुमचं? मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. कळत होतं तिला. कळत होतं म्हणूनच विचारलं. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तिनं तो विषय परत काढला नाही, आणि मीही — असो.

सभेला वस्तीतून एकच बाई आली. चांगुणाबाई. श्रीमंतची आई — श्रीमंत आणि मी चौथीपर्यंत एका वर्गात. तो तोडीला गेला की म्हातारी मागं राहायची, अकरा शेरडं आणि दोन नातवंडं सांभाळत. येऊन खाली कोपऱ्यात बसली. मी ठराव वाचला. माझं वाचन चांगलं आहे — सरकारी मराठी मी अशी वाचतो की ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि कळत काही नाही. तिनं मधेच विचारलं, "गुर्जी, मंग पानी येनार व्हय?" मी म्हटलं, गावाला येणार. हात वर करा म्हटल्यावर तिनं हात वर केला. झालं एकमत. टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या.

दहाव्या दिवशी तिची शेरडं कोंडवाड्यात. दाराशी आली. "पानी येनार म्हनला तुमी. शेरडं बंद म्हनून न्हाई म्हनला." मी म्हणालो, मावशी, ठरावात होतं ते, आणि तुम्ही हात वर केला होता. असं म्हणालो मी. तोंडावर. तिनं शेरडं तिसगावच्या बाजारात विकली, आणि पुढच्या दसऱ्याला तीही टोळीबरोबर गेली — मागं राहायला कारणच उरलं नव्हतं. सत्तरीची बाई, कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, वाकून शिरायचं तसल्या झोपडीत. माघात तिकडंच वारली. श्रीमंत पाडव्याला आला तेव्हा त्यानं सांगितलं. भांडला नाही. म्हणाला, "थंडी लई हुती, गुर्जी, आन् तिला शेरडांत निजायची सवय." एवढंच. अजून भेटला की रामराम घालतो. एकदा शिवी घातली असती त्यानं, तर बरं झालं असतं.

वही कशाला मिटता? ठराव उतरवून घेतलात ना? असू द्या, मजकूर पक्का आहे, कुठं अडणार नाही. तुमचा बांध झालाच पाहिजे, मीठ काय करतं ते तुम्ही सांगितलंत. पण एक विचारतो. नवा बांध घातला की खाडीचा तो फाटा बंद होणार — मग तिथं जाळं लावणारी घरं, चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका, त्यांची शेती आहे का बांधाच्या आत? नाही. वाटलंच मला. ती माणसं असतात कुठं सध्या? बोटींवर. खलाशी म्हणून, लांब. आणि घरी कधी येतात? शिमग्याला. बरं. तुमची ग्रामसभा कधी आहे?

सव्वीस जानेवारीला.

तारीख कुणी — नको, सांगू नका. ती बघा धूळ. पिशवी घ्या, उठा, इथं गाडी फार वेळ थांबत नाही.