खिळा ठोकण्याआधी

या फळ्यावर आजवर एकही खिळा माझ्या हातून वाकडा गेलेला नाही, सिग्रिद — म्हणजे एक गेलाय, पण तो अंगठ्यात गेला, फळ्यात नाही, म्हणून तो मी धरत नाही. थांब, घाई कसली? वरच्या मजल्यावरचा केक पळून जात नाही. तुझे हेल्गे प्राध्यापक उभे आहेत राखणीला, फार तर क्रीम चाटतील. प्रबंधाला भोक तर नीट पाडू दे — इथला रिवाजच तो, खिळ्याने टांगायचा, सगळ्या उप्सालाने येऊन बघायचा, आणि एकदा टांगला की उतरवता येत नाही. लिहिलं ते लिहिलं. तीन आठवड्यांनी परीक्षक येऊन तेच तुझ्या तोंडावर वाचणार. सगळं तपासलंस ना? … नाही, सहज.

हा अल्गोट सातवीत दोनदा बसलेला शिपाई असेल, पण तुझं काम मला कळतं बरं का — अर्धं कळतं. यीस्टची पेशी, तिच्यात गुणसूत्राची लांबच लांब साखळी, साखळीवर तू चिकटवलेला चमकता ठिपका, आणि तो कसा सरकतो ते दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. पाण्यात शाईचा थेंब पडला की पसरत सुटतो. हा ठिपका तसा नाही — मिडसमरच्या सणाला खांबाभोवती हात धरून नाचणारी रांग असते ना, त्यातल्या एकाला बिअरच्या टेबलाकडे जायचंय, तो पाऊल टाकतो की दोन्हीकडचे त्याला मागे खेचतात, वर भोवती ही गर्दी. बरोबर? हसू नकोस, बायकोलाही मी असंच समजावलं, ती म्हणाली, तो माणूस तूच.

आणि तुझा मोठा शोध काय — पेशीला उपाशी ठेवलं की ठिपका जवळजवळ थिजतो, पण पेशी जिवंत असते. छान. पण मेलेल्या पेशीतही तो थिजतोच ना? तुलनेसाठी तू एक डिश फॉर्मालिन घालून मारून ठेवायचीस. एक उपाशी, एक मेलेली, शेजारी शेजारी, दिसायला सख्ख्या बहिणी. आता समज — नुसतं समज — एखाद्या सोमवारी उपाशीचं झाकण मेलेलीवर गेलं. झाकणं काय, गोल वस्तू, फिरतात. मग तू मेलेली पेशी बघून म्हणणार, वा, जिवंत आहे आणि थिजलीय. … कोण करेल असं? कुणीही करेल. मला काय माहीत. निळी खूण असलेलं झाकण डावीकडे — म्हणजे तुझी खूण निळीच असते ना? मी कुठे बघितलं, मी त्या दिवशी तुमच्या खोलीत टेबलाचा पाय बसवायला आलो होतो, आणि तुझा चेहरा कसा होतो ते बघायला दाराशी थांबलो — पाय नीट बसलाय का ते बघायला थांबलो. आणि तुझा चेहरा काही बदललाच नाही. तू आपली गुणगुणत काम करत राहिलीस. म्हटलं, दुपारी कळेल. नाही कळलं तर दुपारी सांगू — तर दुपारी तू शोध लागला म्हणत नाचत जाऊन हेल्गेंनाच बोलावून आणलंस, आता त्यात मी कुठे तोंड घालणार —

अशी बघू नकोस. मी हेल्गेंच्या साखरेत मीठ घातलं तेव्हा तूच पोट धरून हसली होतीस. ही पण तशीच, एका दुपारची गंमत — पोरी, चार वर्षं घातलीस तू यात. हे बघ, हातोडा खाली ठेवला. वर जाऊन सांगतो, अल्गोटकडचे खिळे संपले, आज काही होत नाही. खोटं बोलायची मला सवय आहे, कुणी दोनदा विचारणारही नाही. तोवर तू पुन्हा मोजून घे. हवं तर मला शिव्या घाल, पण आधी मोज.

“झाकणावरची खूण कोण बघतं, अल्गोट? उपाशी कुठली, मेलेली कुठली, ते मी डिशच्या तळाला लिहिते. तुमच्याशी ओळख झाली त्याच आठवड्यापासून.”