हौद्यात राहिलेली माती

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या खाणीचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर बसलेले मुख्य अभियंता आणि युनियनचे अध्यक्ष. सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान आणि लेक. वर्कशॉपमधून हात पुसत पुसत आलेले माझे सहकारी. आणि पाच मिनिटं डोकावतो म्हणून आलेली, पण आता चहा झाल्याशिवाय न हलणारी दुपारच्या पाळीची मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

ताईंविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं. पाळीप्रमुख म्हणून त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त काळ मीच काढलाय, म्हणून माझी निवड झाली. निवड फारशी बरी नाही, ते पुढे कळेलच.

घरच्या पाहुण्यांसाठी थोडं कामाचं सांगतो. डंपरच्या पाठीवर जो लोखंडी हौदा असतो, त्यात माती-दगड भरून न्यायचे आणि हौदा उचलून ओतायचे, एवढंच आमचं काम. पण पावसाच्या दिवसांत चिकणमाती हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यांत धरून बसते. हौदा उचलला तरी ती काही उतरत नाही. गाडी तीच माती घेऊन परत येते, तीच घेऊन पुन्हा जाते, आणि दर फेरीला थर चढत जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडी रिकामी आहे.

ताईंचं यावर स्वतःचं शास्त्र होतं. गाडीत माती भरणाऱ्या शॉवेलवाल्याला त्या सांगायच्या, पहिली बकेट कोरड्या खडीची टाक, ओली माती त्यावर. आणि चार-पाच फेऱ्या झाल्या की गाडी बाजूला घ्यायच्या, खाली उतरून लांब पहारेने हौद्याचे कोपरे ठोकायच्या. रिकामा कोपरा टण्ण वाजतो. माती धरलेला धप्प वाजतो. धप्प वाजला की गाडी खरवडायला उभी.

त्यात वेळ जायचा आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. एकदा सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ताई, आपण माती उचलायला आलोय की हौद्याला पावडर लावायला?" खूप हशा पिकला. तेव्हापासून त्या पावडरताई झाल्या. आजच्या निमंत्रण पत्रिकेवरही कौतुकाने तेच नाव छापलंय. त्या वेळी ताई हसल्या नव्हत्या. "साहेब, पावडर लावा नाहीतर खरवडा. दोन्हींतलं एक करावंच लागेल," एवढंच म्हणाल्या.

अध्यक्ष महोदय, माझी वेळ झाली असेल तर घंटी वाजवू नका. मला आज थांबायची फार इच्छा आहे, म्हणूनच सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी सकाळची पाळी संपताना ताई माझ्या केबिनच्या दारात आल्या. हेल्मेट काखेत होतं. म्हणाल्या, "साहेब, ही गाडी खरवडल्याशिवाय कुणाला देऊ नका. डावा कोपरा धप्प वाजतोय." खरवडायला अर्धा तास लागला असता. आम्ही त्या दिवशी फेऱ्यांत मागे होतो. मी मान वर न करता "बघतो" म्हटलं, आणि दहा मिनिटांत गाडी पुढच्या ऑपरेटरला दिली.

तो ऑपरेटर माझा धाकटा भाऊ होता.

ओतायच्या जागी जमीन ओली होती. त्याने हौदा उचलला, मागची माती घसरली, डाव्या कोपऱ्यातली वरच लटकून राहिली. सगळं वजन उंच आणि एकीकडे. गाडी डावीकडे कलली ती आडवीच झाली. भाऊ वाचला, पण कंबर कायमची गेली. तो आता गेटवर पास लिहितो.

चौकशीत जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे तशीच पद्धत होती. ताईंनी सगळं सांगितलं, काखेतल्या हेल्मेटसकट. मी लिहिलं, "हौद्याची स्थिती कळवण्याचे राहून गेले." सही करताना त्यांनी कागद वाचायला मागितला. मी म्हटलं, "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी सही केली.

त्यानंतर वर्षभर त्यांना डंपरवरून काढून पाण्याच्या टँकरवर टाकलं. त्यांना प्रशिक्षक व्हायचं होतं, तो अर्ज परत आला. आणि तो अपघात आपल्या सुरक्षा वर्गाचा चौथा धडा झाला: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. तो धडा दरवर्षी मी शिकवतो. दरवर्षी ताई पहिल्या बाकावर बसून तो ऐकतात. एकदा त्यांनी हात वर केला. "साहेब, आदल्या पाळीला काय सांगितलं होतं, तेही सांगा ना." मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "ताई, वेळ कमी आहे." पुन्हा त्यांनी हात वर केला नाही.

सोमवारी नव्या ऑपरेटरांचा वर्ग आहे. त्यात ताईंची लेक आहे. धड्यात नाव नसतं, पण गाडीचा नंबर असतो, आणि नंबरावरून या खाणीत कुणाला काय कळत नाही? तिच्यासमोर उभं राहून मला तो धडा वाचता येणार नाही. खरं म्हणजे तिच्या आईसमोरही येऊ नये इतकी लाज मला तेव्हाच वाटायला हवी होती. वाटत होती. मी ती बाजूला सारून काम करत राहिलो.

काल संध्याकाळी भावाला सांगितलं. अकरा वर्षं तो ताईंशी बोललेला नाही. आम्ही रोज माझ्या मोटारसायकलवरून येतो. आज तो त्या कंबरेने चालत आला. तिसऱ्या रांगेत बसलाय.

अध्यक्ष महोदय, माझा खरा जबाब या पाकिटात आहे, सही करून आणलाय. जी कारवाई व्हायची ती होऊ द्या. विनंती एकच. चौथा धडा बदला, आणि सोमवारी तो ताईंना शिकवू द्या, त्यांची इच्छा असेल तर. पहार त्यांची त्यांच्याकडे आहेच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर सभागृहाने उदार मनाने मला क्षमा करावी.

ताई, तुमच्याकडे मी आज क्षमा मागत नाही. हा जबाबाचा कागद घ्या. या वेळी आधी नीट वाचा.