तेलाची सुई

थोरली : ...आणि याला तू लस टोचणं म्हणतेस? बघ जरा. या माशाची आतडी पोटाला चिकटलीत, वर हे काळे डाग. सुरीने खरवडून काढावं लागतंय.

धाकटी : लशीत तेल असतं, ताई. ते अंगात बसून राहतं, एखाद्या माशाला असं होतं. रोगाने अख्खं तळं मरण्यापेक्षा बरं, असं साहेब म्हणतात.

थोरली : साहेब! त्याला मासा ठाऊक तो ताटातला. टोचायचं तुम्ही, निस्तरायचं आम्ही कापणाऱ्यांनी. घरीही तेच. सकाळी पोराची बटणं मला लावायला सांगितलीस. राणीसाहेबांची बोटं झिजतात ना.

धाकटी : उशीर होत होता.

थोरली : नट्टापट्टा करण्यात म्हणावं, तर वेणीही नाही. नुसता बुचडा. आणि चहा पिताना कुणी हातमोजा घालून बसतं का? काढ तो.

धाकटी : राहू दे ना.

थोरली : काढ म्हणते ना.

(धाकटी डावा हातमोजा काढते. अंगठ्याजवळचं बोट सुजून टणक झालंय.)

थोरली : कधी?

धाकटी : काल दुपारी. घाई होती म्हणून मासे गुंगीच्या पाण्यातून लवकर काढले. हातातल्याने शेपटी मारली, सुई माझ्यातच घुसली.

थोरली : आणि तो शहाणा काय म्हणाला?

धाकटी : धुऊन टाक म्हणाले. वर म्हणाले, इतके मासे टोचून घेतात, एक तरी बोंबलतो का?

थोरली : माशाने तोंड उघडलं तर पाणीच आत जातं. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

धाकटी : कामावरून काढलं असतं. पदरात पोर आहे माझ्या.

थोरली : बोट वाकव.

धाकटी : दुखतं.

थोरली : वाकव.

धाकटी : ...नाही वाकत.

थोरली : आता या माशाच्या पोटात बघ. तेच तेल तुझ्या बोटात बसलंय. अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? ऊठ, मोठ्या दवाखान्यात जा. नुसती सुई लागली म्हणू नकोस, तेलाची लस आत गेलीय म्हणून सांग. लशीची रिकामी बाटलीच दाखव, तुझ्या बोलण्याचा भरवसा नाही.

धाकटी : साहेबांना विचारून...

थोरली : त्याच्या टेबलावर हा मासा ठेवून येते, असाच उघडा. मग विचारू दे त्यालाच काय विचारायचं ते.

धाकटी : ताई, मला यायला रात्र झाली तर पोर...

थोरली : जा तू. सकाळी बटणं लावताना माझ्याकडे रडला नाही तो.